एक्केचाळीस नंबरची टाच

भूशास्त्र विभागाच्या जिन्याखाली एक खोली होती आणि त्या खोलीत एक माणूस एकतीस वर्षं दगड कापत होता. पोरं त्याला चकतीकाका म्हणायची, तोंडावर नुसतं काका. हिऱ्याच्या बारीक कणांची धार असलेली पोलादी चकती गरगर फिरायची, वरून पाण्याची धार सुटलेली असायची, आणि काका दोन्ही हातांनी दगड हळूहळू पुढे सरकवत राहायचा. उजव्या तर्जनीचं टोक त्यानं नोकरीच्या सातव्या वर्षीच चकतीला देऊन टाकलं होतं. त्या दिवशीसुद्धा काप सरळच आला होता, असं तो छाती फुगवून सांगायचा, आणि ऐकणाऱ्याला हसावं की रडावं ते कळायचं नाही.

काम कंटाळवाणं, पण चुकलं की बोंब. विद्यार्थी डोंगरातून पोती भरून नमुने आणत. काका त्यांचे काप काढायचा, काचेच्या पट्टीवर चिकटवायचा आणि घासून घासून इतके पातळ करायचा की दगडातून उजेड आरपार जावा. मग शहाणी माणसं मायक्रोस्कोपला डोळा लावून त्यात काय काय बघत. काकाचं शिक्षण नववीपर्यंत. पण एकतीस वर्षं ज्यानं दगडाचं पोट फाडलंय, त्याला पोटातलं काहीच कळत नसेल, असं मानायला माणूस प्राध्यापकच असावा लागतो.

या धंद्यात एक नियम आहे. पहिल्या वर्षाच्या पोरांना तो कान पिळून शिकवतात. दगड कड्यावरून फोडायच्या आधी, जागेवर असतानाच, त्याच्यावर मार्करने बाण काढायचा आणि नंबर घालायचा. बाणाचं टोक आभाळाकडे. हातोडा त्यानंतर. कारण एकदा दगड सुटून हातात आला की त्याचं डोकं कुठलं आणि पाय कुठले, ते तो सांगत नाही. घासताना कापावरचा मार्कर निघून जातो, म्हणून घासायच्या आधी काका तोच बाण सुईने कापाच्या काचेवर कोरून घ्यायचा. त्याच्या हातून आजवर एकही बाण फिरला नव्हता.

आणि त्याची स्वतःची म्हणून एक खोड होती. काप काढून जो तुकडा उरतो, त्याला तो टाच म्हणायचा. दुसरीकडे टाचा सरळ कचऱ्यात जातात. काका मात्र विद्यार्थ्याच्या हातचा बाण आणि नंबर असलेल्या बाजूला मेण फासायचा, तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि मांडणीवर नंबरवार लावून ठेवायचा. छतापर्यंत टाचाच टाचा. विभागप्रमुख दरवर्षी फर्मान काढायचे की हा उकिरडा हलवा. काका मान डोलवायचा आणि दरवर्षी एक फळी वाढवायचा.

त्याला एकच मुलगी. हुशार, अगदी डोकं गरगरावं इतकी हुशार. तिनं हाच विषय घेतला, याच इमारतीत प्रवेश घेतला, तेव्हा काकाला आभाळ ठेंगणं झालं. कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी मुलगी भाजी निवडत बसलेल्या आईशेजारी येऊन बसली आणि बापाला म्हणाली, "तिथं सगळे तुम्हाला काका म्हणतात ना? मीपण काकाच म्हणेन. उगाच कुणाला वाटायला नको, वशिल्यानं आले म्हणून."

काका हसला. आईलाही ते पटलं. पोरगी समजूतदार आहे म्हणाली. आडनाव इतकं सर्रास होतं की त्यावरून कुणाला वास लागायचं कारणच नव्हतं. ऑफिसातल्या कारकुनाला तेवढं माहीत होतं, पण तो पडला मुखदुर्बळ. एक वर्ष गेलं, दोन गेली, आता नववं लागलं. वशिल्याचा प्रश्न केव्हाच मिटला होता. सुवर्णपदक मिळालेल्या मुलीला कोण वशिल्याची म्हणणार? काका हाक मात्र तशीच राहिली. मैत्रिणींबरोबर जिन्यावरून उतरताना ती आत डोकावायची, "काका, माझे काप झाले का?" आणि ज्यानं सकाळी तिच्या सायकलची साखळी बसवून दिली होती तो माणूस म्हणायचा, "दुपारी न्या हो ताई."

लागायचं. का नाही लागणार? पण काकानं मनाशी एक तोड काढली होती. विभागात प्रबंध बांधून आला की तो कुणाचं लक्ष नसताना हात पुसून पहिली पानं उलटायचा. ऋणनिर्देश. मार्गदर्शकांचे आभार, मित्रांचे आभार, भाड्याच्या जीपच्या ड्रायव्हरचे नावानिशी आभार, आणि सगळ्यात खाली 'प्रयोगशाळेतील कर्मचारी वर्ग'. एकतीस वर्षांत एकशेचाळीस प्रबंध, आणि एकाही ठिकाणी त्याचं नाव नाही. तो बायकोला म्हणायचा, हिच्या प्रबंधात बघ, छापील असेल, वडील म्हणून असेल नाहीतर काप काढणारा म्हणून असेल, पण असेल. त्या एका पानासाठी तो चार वर्षं थांबला होता. प्रबंधातलं दुसरं काही त्याला नको होतं.

मुलीचा विषय होता दगडांच्या घड्या. जमिनीच्या पोटात दाब येतो, थर वाकतात, सतरंजी सरकवली की सुरकुत्या पडतात तसे. वर फुगली ती कमान, खाली खचली ती पन्हळ. पण एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक घडीची जात ठरवायची असते. घरच्या जेवणाच्या टेबलावर ती कड्याचा मोठा फोटो पसरायची, वर ट्रेसिंग पेपर, आणि एकेका थराच्या वरच्या कडेवर नि खालच्या कडेवर जिथं उतार सारखा, ते दोन बिंदू रेघेनं जोडायची. रेघा घडीच्या आतल्या बाजूला जवळ आल्या तर एक जात, समांतर राहिल्या तर दुसरी, फाकल्या तर तिसरी. अशा तिनं चारशे रेघा मारल्या. काका समोर बसून बघत राहायचा. पंधरा दिवसांत त्याला नुसत्या नजरेनं जात सांगता यायला लागली. एकदा न राहवून त्यानं बोट ठेवलं, ही तिसरी ना, चिखलाचा थर दिसतोय, मध्ये जाड झालाय. तिनं ते बोट, ते टोक नसलेलं बोट, पेन्सिलीनं बाजूला केलं. डाग पडेल म्हणाली.

तिच्या प्रबंधाचा मोठा दावा मात्र रेघांवर नव्हता. ती जिथले दगड आणायची त्या दरीतली घडी साधी उभी कमान आहे असं आजवर सगळे मानत आले होते. हिचं म्हणणं, घडी आडवी कोलमडलेली आहे आणि पश्चिमेकडचे सगळे थर पालथे झालेत. पुरावा एकच, नमुना नंबर एक्केचाळीस. त्या अख्ख्या बाजूला नुसता बारीक चिखलाचा दगड. जाड वाळूपासून बारीक वाळूपर्यंत कणांची उतरंड दिसेल अशी कपार एकच, आणि तिथला हा दगड. वाहत्या पाण्यातला गाळ बसतो तेव्हा जाड कण आधी खाली बसतात, बारीक वर राहतात. काकाला हे शिकवायला पुस्तक लागलं नव्हतं. दर शनिवारी तो चकतीखालची टाकी उपसायचा. तळाशी खरखरीत रेव, वर लोण्यासारखा चिखल. एक्केचाळीस नंबरमध्ये बाणाप्रमाणे धरलं तर जाड कण वर आणि बारीक खाली येत होते. म्हणजे थर पालथा. म्हणजे डोंगर पालथा. मार्गदर्शक सरांना तर आनंदानं खुर्चीत बसवेना.

आता गंमत बघा. तो दगड कापायला आला तेव्हा काकानं तो धुतला, बाणाप्रमाणे टेबलावर ठेवला आणि हात तिथेच थांबला. दगडाच्या एका अंगाला दगडफूल धरलं होतं, करडं-हिरवं, नखाएवढे चट्टे. दगडफूल उघड्यावर धरतं, जिथं ऊन-पाऊस लागतो तिथं. आणि इथं ते बाणाच्या शेपटीकडे होतं. दगडाच्या पोटाखाली, कड्याच्या आत, अंधारात कुठलं आलंय दगडफूल? काकाला लख्ख दिसलं काय झालं असेल ते. पोरीनं आधी हातोडा मारला, दगड सुटून पायाशी पडला, घाईघाईत तिनं तो उचलला, लिहायला सपाट बाजू शोधली आणि बाण अंदाजाने काढला. जी चूक पहिल्या वर्षाचं पोर करतं ती सुवर्णपदकवालीनं केली होती. बाण उलटा होता. डोंगर जसा होता तसाच उभा होता.

तो तसाच ओल्या हातांनी धावत वर गेला. ती मित्रांच्या घोळक्यात चहा घेत होती. त्यानं हळूच म्हटलं, ताई, एक्केचाळीस नंबरचा बाण जरा बघून घेता का. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, काका, उद्यापर्यंत काप द्या, बाकीचं मी बघते. कुणीतरी हसलं.

घरी त्यानं पुन्हा विषय काढला. दगडफुलाचं सांगायला तोंड उघडलं न उघडलं, तोच ती ताटावरून उठली. दिवसभर सरांचं ऐकायचं, घरी आल्यावर यांचं. "बाबा, तुम्ही नववी पास. तुम्ही मला दगडाचं वर-खाली शिकवणार? तुम्ही फक्त कापा."

आई फस्सकन हसली. तिच्या मनात काही नव्हतं, पण हसली खरी.

दुसऱ्या दिवशी काकानं सुई घेतली आणि बाण होता तसा, उलटाच्या उलटा, कापावर कोरला.  टाचेला मेण फासलं. तिचं अक्षर, तिचा बाण, तिची तारीख आणि खाली दगडफूल, सगळं मेणाखाली नीट बंद झालं.

पण बाप तो बाप. राग किती दिवस धरणार? प्रबंध जवळजवळ लिहून झाला तसं त्याला चैन पडेना. तोंडी परीक्षेत कुणी हे पकडलं तर पोरीची चार वर्षं मातीत जातील. छापून झालं तरी परीक्षेआधी दुरुस्तीचं पान जोडता येतं, हे एकशेचाळीस प्रबंध पाहिलेल्या माणसाला पक्कं माहीत होतं. एका सकाळी त्यानं मांडणीवरून एक्केचाळीस नंबरची टाच काढली, पिशवीत घातली. आज घरी तोंडानं बोलायचंच नाही, दगडच पुढ्यात ठेवायचा, असं ठरवलं.

त्याच दुपारी बांधलेल्या प्रती आल्या. काकानं हात दोनदा पुसले. ऋणनिर्देश. मार्गदर्शक सर. दोन मैत्रिणी. होकायंत्र उसनं देणारा कुणी एक मित्र. 'माझी आई, जिच्या कष्टांमुळे मी इथवर पोहोचले.' आणि सगळ्यात खाली, प्रयोगशाळेतील कर्मचारी वर्ग.

त्यानं पान पुन्हा वाचलं. उलटून मागेही पाहिलं, चुकून तिकडे गेलं असेल म्हणून. मग पिशवीतली टाच काढली आणि मांडणीवर तिच्या जागी ठेवून दिली.

खरं सांगायचं तर त्यानंतरचे तीन महिने काका मजेत होता. हे ऐकायला वाईट वाटेल, वाटू दे. मुलगी रात्रंदिवस भाषणाची तयारी करायची, आरशासमोर बोलायची, 'पालथी बाजू' म्हणताना हात उलटा करून दाखवायची, आणि बाप पेपरामागून ऐकायचा. तिला ठेच लागायची वाट तो दिवस मोजत बघत होता. तिच्यासाठी त्यानं नवा मायक्रोस्कोप पुसून ठेवला. बायकोला म्हणाला, तूही चल, पोरीचं कौतुक बघायला.

परीक्षा खुली होती. मागच्या रांगेत आई नवी साडी नेसून बसली, काका मायक्रोस्कोपपाशी उभा. बाहेरून आलेले परीक्षक पांढऱ्या मिशांचे, आवाज इतका मऊ की माणसानं गाफील राहावं. मुलगी चाळीस मिनिटं बोलली आणि झकास बोलली. रेघांच्या तिन्ही जाती, थरांची जाडी, सगळं तोंडपाठ. परीक्षकांनी चारशे रेघांचं कौतुक केलं. म्हणाले, इतकं स्वच्छ वर्गीकरण मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही. आई डोळे टिपायला लागली. मग त्यांनी एक्केचाळीस नंबरचा काप मागितला, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि तसेच वाकून म्हणाले की तरुणपणी त्या कपारीवर त्यांनी तीन उन्हाळे काढलेत. त्यांच्या वहीत तिथले थर सरळ आहेत, जाड कण खाली. एका कपारीत दोन दोन सत्यं कशी?

मुलगी म्हणाली, जुन्या नोंदीत चूक असू शकते.

असू शकते, परीक्षक म्हणाले. कपारीचा जवळून काढलेला फोटो आहे का? नव्हता. दुसरा नमुना? नव्हता. म्हणजे तुमचा अख्खा डोंगर या काचेवरच्या एवढ्याशा बाणावर उभा आहे. हा बाण कोणी कोरला?

 मुलीनं मार्गदर्शकांकडे पाहिलं. ते नखं बघत होते. तिनं काकाकडे पाहिलं. हुशार मुलगी, वाट शोधायला तिला क्षणभरच लागला.

"मी नमुन्यावर बाण बरोबरच काढला होता, सर," ती म्हणाली. "काप करताना लॅबमधल्या माणसाकडून उलटा झाला असेल. त्यांचं शिक्षण फारसं नाहीये."

मागच्या रांगेत आईनं पदर तोंडाशी धरला. मार्गदर्शकांच्या जिवात जीव आला. ते लगेच काकावर घसरले, काय रे, इतकी वर्षं काय झोपा काढल्यास का, एका मुलीचं आयुष्य बरबाद केलंस, नोकरीवर ठेवायचं की नाही ते बघावं लागेल. प्रबंध तरला असता. नमुना पुन्हा कापायचा, पालथ्या डोंगराचा दावा गाळायचा, खापर काकाच्या डोक्यावर. काकानं नुसती मान खाली घातली असती तर त्या दिवशी घरात डॉक्टरेट आली असती. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. फार तर एक लेखी ताकीद.

"एक मिनिट थांबा साहेब," काका म्हणाला.

तो जिना उतरला, एक्केचाळीस नंबर काढला, जिना चढला. वर्तमानपत्र सोडवलं. टाच परीक्षकांसमोर बाणाप्रमाणे ठेवली आणि टोक नसलेल्या बोटानं आधी अक्षर दाखवलं, मग तारीख, मग दगडफूल.  परीक्षकांनी चष्मा काढला, चट्ट्यांवर नख फिरवलं, दगड उचलून उलटा केला आणि पुन्हा ठेवला. आता दगडफूल वर होतं, जाड कण खाली आणि बाणाचं टोक टेबलात खुपसलेलं. ते हसले. त्यांच्या मागे दोघं-तिघं हसले. मग मार्गदर्शक सगळ्यात मोठ्यानं हसले, आपला यात काही संबंध नाही हे दिसावं म्हणून.

"अक्षर तुमचंच ना, बाई?" परीक्षकांनी मऊ आवाजात विचारलं. "आधी फोडलात आणि मग बाण काढलात. आणि वर दुसऱ्याचं नाव घेतलंत. चूक मी एक वेळ पोटात घातली असती."

प्रबंध परत. पुन्हा दरीत जायचं, पुन्हा नमुने, पुन्हा लिहायचं, वर शेरा, की उमेदवाराच्या सचोटीबद्दल शंका आहे. तसला शेरा जन्मभर मागे लागतो; कुठल्याही नोकरीच्या दारात तो आधी जाऊन उभा राहतो.

मुलगी रडली नाही. ती त्या दगडाकडे, मेणाच्या थराकडे, बघत राहिली. मेण लावायला वेळ लागतो, नंबर लावायला वेळ लागतो. बाण जरा बघून घेता का, असं तो चहाच्या वेळी म्हणाला होता. तिला हिशेब लागला.

"बाबा," ती म्हणाली. नऊ वर्षांत त्या इमारतीत पहिल्यांदा. "तुम्हाला माहीत होतं. बाबा, तुम्हाला आधीपासून माहीत होतं."

हसणं बंद झालं. परीक्षकांनी चष्मा लावून एकदा तिच्याकडे, एकदा काकाकडे पाहिलं. "ही तुमची मुलगी?"

काका वर्तमानपत्राची घडी घालत होता. त्यानं टाच उचलली, काळजीपूर्वक गुंडाळली.

"इथं मला सगळे काकाच म्हणतात, साहेब," तो म्हणाला.

मुलीनं नंतर दोनदा त्या दरीत जाऊन नमुने आणले. काप काढायला ते दुसऱ्या शहरात गेले. खोकी जिन्याखालच्या दारावरून जाताना काकाला दिसली. बायको त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. काकानं एकदा तिला समजावायचा प्रयत्न केला, की दोषी कोण, चूक कुणाची, मी फक्त दगड दाखवला. ती म्हणाली, हो, दगडच दाखवलात.

मुलगी घरातच राहिली. नोकरी कुठं मिळेना, तेव्हा जाणार कुठे? ती त्याच्याशी अबोला धरून बसली नाही, हे त्याला सुरुवातीला बरं वाटलं. परीक्षेनंतरच्या चौथ्या दिवशी तिघं जेवायला बसली होती. काकानं भीत भीत ताटातून मान वर केली. ती त्याच्याकडेच बघत होती, शांत.

"काका," ती म्हणाली, "जरा पाणी द्या."

त्यानं दिलं. तेव्हापासून घरीही ती त्याला तेच म्हणते.